दाराची आतली बाजू

सिग्नल लाल झाला आणि माझ्या स्कूटरशेजारी एक विचित्र गाडी येऊन थांबली. नाक कुठल्याशा जुन्या जीपचं, मागची बाजू कुठल्याच गाडीची नाही, आणि रंग अर्धाच मारलेला. ही गाडी कुणीतरी घरीच बांधली आहे, हे सांगायची गरज नव्हती. मला हसू येणार होतं… तेवढ्यात उघड्या खिडकीतून नजर आत गेली.

दाराच्या आतल्या पॅनलवर विटकरी रेक्झीन होतं आणि त्यावर तिरप्या शिलाईच्या रेघा. त्या रेघा मी घातल्या होत्या! आणि नेमक्या त्यांच्या मधोमध चकचकीत स्क्रू ठोकले होते. समोरून. आरपार.

माझं डोकंच फिरलं. मी गाडीच्या टपावर थाप मारली.

"ओ! हे काय केलंत?"

आत बसलेला तरुण दचकला. "काय झालं? मी धडकलो का तुम्हाला?"

"धडकला असतात तर परवडलं असतं! रेक्झीनमधून स्क्रू कोण मारतं?"

"गाडी माझी आहे."

"शिलाई माझी आहे!"

सिग्नल हिरवा झाला. गडबडीत त्यानं क्लच सोडला आणि गाडी आचका देऊन बंद पडली. मागून हॉर्नचा नुसता कल्ला.

"आता बघता काय? ढकला!" तो ओरडला.

मी स्कूटर कडेला लावली आणि ढकललं. इतक्या रागानं ढकललं, की गाडी फुटपाथला टेकूनच थांबली.

मी मामाच्या सीटकव्हरच्या दुकानात काम करते; ती पॅनलं तिथं या तरुणाची ताई घेऊन आली होती. 'भाऊ फार लाजतो हो,' म्हणाली होती. लाजरा भाऊ आता कमरेवर हात ठेवून भर रस्त्यात माझ्याशी भांडत होता.

"तुमच्या पॅनलमागच्या क्लिपा माझ्या दाराच्या भोकांत बसेचनात. काय करणार मी?"

"मापं तुमच्याच ताईंनी दिली होती."

"हो, पण…" तो घुटमळला. "नंतर मी दाराची कडी आणि भोकं थोडी सरकवली."

"थोडी?"

"बरीच," तो म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले. ते मला गोड वाटले. म्हणून मी आणखीच चिडले.

"उद्या गाडी दुकानात आणा. आणि येताना तोंड बंद ठेवून या."

तो आला, तोंड उघडं ठेवूनच. मामानं गाडीभोवती एक फेरी मारली, हसू दाबलं आणि मला म्हणाला, "ही तुझी डोकेदुखी. मी नाही मध्ये पडणार."

भोकं पडलेलं रेक्झीन काही सांधता येत नाही. मी सगळं उचकटून काढलं, नवं कापलं, शिवलं. क्लिपांच्या खुणा या वेळी थेट दारावरून घेतल्या. फोमवर रेक्झीन चढवायला मात्र दुसरे दोन हात लागतात.

"ताणा. अजून जरा. अहो इतकं नाही, फाटेल!"

"तुम्ही सगळ्यांवरच ओरडता, की मी खास आहे?"

"खास आहात. इतका धसमुसळा माणूस आजवर दुकानात आला नव्हता."

"म्हणजे लक्ष आहे तर माझ्याकडे…"

मी त्याच्या अंगठ्याच्या अगदी जवळ स्टेपल मारली. तो हसला. कोपऱ्यावरच्या चुण्या बसवताना दोघांचीही बोटं सोल्युशननं चिकट झाली होती, एकमेकांना लागत होती.

"असंच दाबून धरायचं," मी म्हटलं. "वाळेपर्यंत."

"छान आहे…"

"काय?"

"रेक्झीन," तो म्हणाला. पण बघत होता माझ्याकडे.

दारं झाली, तरी तो येतच राहिला. कधी छताचं अस्तर, कधी सीट. काम नसलं, की काहीतरी काढायचा. एकदा फोम कापता कापता म्हणाला, "कॉलेज अर्धवट सोडलं, नोकरी सोडली. बाबा म्हणतात, माझ्या हातून काहीच पुरं होत नाही. ही गाडी तरी व्हायला हवी." तेव्हा तो चेष्टा करत नव्हता. आणि मी, चक्क, चिडलेली नव्हते.

गाडी पुरी झाली. घरी बांधलेल्या गाड्यांचा एक मेळावा भरला होता मैदानावर, तिथं त्यानं मला बोलावलं. मी ठेवणीतला ड्रेस घालून गेले. गाडीपाशी त्याचे बाबा हात मागे बांधून उभे होते. कुणा गृहस्थांनी दार उघडलं, शिलाईवरून हळूच बोट फिरवलं.

"वा! हे काम कुणाचं?"

मी हसत एक पाऊल पुढे आले. त्यानं बाबांकडे पाहिलं. मग म्हणाला, "सगळं मीच केलंय. एकट्यानं."

आणि मग त्याला मी दिसले.

मी वळले आणि चालायला लागले. तो हाका मारत राहिला. घरी जाऊन तो ड्रेस मी कपाटात कोंबला.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला. मी बसच्या सीटचं जाड कव्हर शिवत होते. त्याला पाहिल्याबरोबर मशीन भरधाव सोडलं.

"ऐकून तरी घ्या… बाबा समोर होते. पहिल्यांदाच मान डोलवत होते. वाटलं, एक गोष्ट तरी पूर्ण माझी म्हणून दाखवावी…"

मी मशीनवरचा पाय उचलला. "आणि मी? मी काय त्या गाडीबरोबर फुकट आलेला स्पेअर पार्ट? लाज नाही वाटली?"

"वाटली. म्हणून तिथंच बाबांना खरं सांगितलं. त्या गृहस्थांनाही गाठून सांगितलं. दारं, छत, सीटा… सगळं तुमचं."

"बाबा काय म्हणाले?"

"म्हणाले, मला वाटलंच. तुझ्या शर्टाचं बटण अजून आई लावते."

मला हसू फुटणार होतं. ते त्याला दिसायला नको, म्हणून मी पुन्हा मशीन सोडलं. घर्रर्र…

"आणखी एक सांगायचंय!" तो ओरडला.

"सांगा!"

तेवढ्यात दोरा तुटला. मशीन थांबलं, आणि नेमका तेव्हाच तो जिवाच्या आकांतानं ओरडला,

"मला तू आवडतेस!"

समोरच्या पंक्चरवाल्यानं पंप खाली ठेवला. मामा फोमची गुंडाळी निरखून बघू लागला.

"ओरडतोस कशाला?" मी म्हटलं.

"मशीन चालू होतं!"

"कधीच बंद झालंय!"

"मला काय माहीत? मी तुझ्याकडे बघत होतो!"

माझा राग गेला नव्हता. त्या 'एकट्यानं'चा होता. माझ्या केसांत फोमचे तुकडे असताना सगळ्या गल्लीदेखत असं बोलल्याचाही होता. मी ते सगळं एका दमात त्याला सुनावलं. त्यानं मान खाली घालून ऐकलं. एकदाही 'पण' म्हणाला नाही.

"झालं?" त्यानं हळूच विचारलं.

"नाही. पुन्हा कधी माझं काम स्वतःचं म्हणून सांगितलंस तर याद राख."

"नाही सांगणार."

"आणि…"

"आणि?"

भांडायचं म्हणून जे जे होतं, ते सगळं संपलं होतं.

"आणि हो," मी म्हटलं. चिडूनच.

तो वाट बघत राहिला. "हो, काय?"

"हो म्हणजे हो! सगळं समजावून सांगायला लागतं का तुला?"

तेव्हा कुठं त्याला कळलं. गल्लीला त्याच्या आधीच कळलं होतं.