मागे केलेला हात

दार लोटून घ्या आणि जवळ सरकून बसा, मला मोठ्यानं सांगवणार नाही. गोष्ट माझी नाही. आपल्या मागच्या अंगणाची भिंत ज्यानं बांधली, त्या गवंड्याची आहे. माणूस थापी मारतो, थापा मारत नाही. मला स्वतःला ती पटते का, हे मात्र विचारू नका. सारा जन्म पुस्तकांत गेला, पण या एका बाबतीत माझं मत दिवसा एक असतं आणि रात्री एक.

जुन्या बाजाराच्या टोकाला विटांची एक वखार होती. दीडशे वर्षांची, लालभडक, हातभर जाड भिंतींची. तिचं हॉटेल करायचं काम दोन वर्षं चाललं होतं. जिथे पोती रचत तिथे आता पलंग आले, गालिचे आले. गेल्या डिसेंबरची अकरा तारीख, गुरुवार. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला पहिले पाहुणे यायचे होते, आणि संध्याकाळी ठेकेदाराच्या लक्षात आलं की वरच्या मजल्यावरच्या बोळाचं तोंड उघडंच राहिलंय. बोळ म्हणजे दोन भिंतींमध्ये हवा खेळायला ठेवलेली सांद. माणूसभर रुंद, दहा पावलं खोल, पुढे बंद.

"मिस्त्री, अडीच फुटांचं तोंड आहे, बुजवून टाका," ठेकेदार फोनवर म्हणाला. "वर आरसा लागणार आहे. सफाई नको, भिंत हवी."

गवंड्याची अडचण निराळीच होती. बावीस वर्षं त्याच्या हाताखाली त्याची बायकोच असायची. तो भिंतीकडे तोंड करून उजवा हात मागे करायचा, की भिजलेली वीट तळव्यावर यायची. बोलायचं नाही, मान वळवायची नाही. आता ती पाय मोडून घरात पडली होती.

"आज हात मागे केलात तर वारा येईल हो हातात," ती म्हणाली.

"वारा टोमणे तरी मारत नाही."

"बरं बरं. पण लवकर या. रात्रीची गोळी तुमच्याशिवाय मला मिळत नाही, नि पाणीही."

साडेनऊला तो पोचला. रखवालदारानं वर सोडलं, दिवा लावून दिला आणि तो फाटकावर परत गेला. बोळापुढे नुकत्याच बसवलेल्या ओल्या फरश्या होत्या, त्यांवर एक फळी टाकलेली. फळीवर उभं राहता येत होतं, उकिडवं बसता येत नव्हतं. म्हणून गवंड्यानं ठरवलं, खालचे चार थर बोळात बसून रचायचे, मग भिंत ओलांडून बाहेर यायचं आणि उरलेलं काम फळीवर उभं राहून करायचं. चार थरांना पुरतील अशा बारा विटा भिजवून त्यानं आत घेतल्या. एक घमेलं सिमेंटचा माल घेतला. बाकीच्या विटा, पिशवी, फोन... सगळं बाहेर.

काम सुरू झालं. मन घरी होतं. गोळी घेतली असेल का, पाण्याचा तांब्या जवळ ठेवायला हवा होता. माल पसरला, हात मागे केला. वीट आली. थापीनं ठोकली. हात मागे. वीट. ओळंबा धरून पाहिला, सरळ. हात मागे. वीट.

बसलेला कधी उभा राहिला, कळलंच नाही त्याला.

दिवा मंद झालाय, असं एकदा वाटलं. जुनी वायर असेल. हात मागे. वीट.

मग बाहेर फोन वाजला.

त्यानं मान वर केली. दिवा मंद झाला नव्हता. समोर छपरापासून जमिनीपर्यंत भिंत होती. वरच्या थरात एकाच विटेची जागा उरली होती, आणि सगळा उजेड तेवढ्यातून येत होता.

तो आत होता.

विटा बारा होत्या. बारा कधीच संपल्या होत्या. बाकीच्या बाहेर.

फोन वाजून वाजून थांबला.

हात अजून मागेच होता...

त्यानं तो हळूच पुढे घेतला. मान वळवली नाही. भिंतीला खांदा लावला. ओला माल, कच्ची भिंत, रेटली की पडेल. रेटली. हलली नाही. पुन्हा रेटली. नाही.

मागून आवाज आला. ठक... ठक... ठक...

तो आवाज त्याच्या चांगल्या ओळखीचा. उरलेली जागा पुऱ्या विटेची नव्हती, पाऊण विटेची होती. मागे कुणीतरी वीट तासत होतं. मापात.

ठक... ठक...

थांबलं.

पाठीला काहीतरी टेकलं. गार. ओलं. ढकललं नाही. नुसतं धरलं, घे म्हणून...

गवंड्यानं काय करावं? त्यानं उजवा हात त्या भोकात घातला. कोपरापर्यंत. काही झालं तरी काढायचा नाही. हात भोकात आहे, तोवर वीट बसणार नाही. ओरडला, पण आवाज बोळातच घुमला. बाहेर बोटं हलवत राहिला. पाठीला ते तसंच टेकलेलं.

मागच्याला घाई नव्हती.

फोन पुन्हा वाजला. पुन्हा. बायको सोडत नव्हती. अखेर पावणेदोनला त्या फोनला वैतागून रखवालदार शिव्या घालत वर आला, भिंतीतून बाहेर आलेला हात पाहिला आणि पहिल्या धडाक्यात जिन्यापर्यंत पळाला.

"क...कोण?"

"मी... मिस्त्री."

"अहो, मग बाहेरून बांधायची ना भिंत!"

पहारीनं फोडताना त्याला घाम फुटला. "मिस्त्री, चार तासांची भिंत ही? शिसं ओतलंय का?" भगदाड पडलं तसा गवंडी त्यातून अंग सोलवटत निघाला. रखवालदारानं आत बॅटरी मारली. दहा पावलं, पुढे बंद. कुणी नाही.

घरी पोचला तेव्हा बायको जागीच होती. आधी त्यानं तिला पाणी दिलं.

सकाळी दार उघडलं, तर उंबऱ्याला लागून एक वीट. वखारीची, जुनी, चपटी. एका बाजूनं तासलेली. पाऊण.

फेब्रुवारीत मी त्याच्या बायकोच्या समाचाराला गेलो होतो. वीट तिथेच होती, भर उन्हात. कुणी हात लावत नाही म्हणे. मी लावला. माझ्याच तळव्याला घाम असेल, असंही असेल...

पण ती ओली होती.