पितरांच्या ताटावरचं मीठ

"कुणीतरी उपाशी आहे, पोरी. हाक देतंय," उल्रिका मावशी म्हणाली होती. मी हसण्यावारी नेलं. आमच्या कॅरियाकू बेटावर म्हाताऱ्यांच्या स्वप्नात येऊन पितर जेवण मागतातच.

तरी मावशीच्या समाधानासाठी ताट वाढलं. मक्याचा मऊ गोळा, भाजलेली कोंबडी. सगळं बिनमिठाचं, मेलेल्यांना मीठ चालत नाही म्हणून. रात्रभर खोलीला कुलूप. सकाळी गोळा गायब, कोंबडी जशीच्या तशी!

सलग तीन दिवस हेच. आणि माझी सात महिन्यांची ऑरा रोज उजाडता उजाडता पाळण्याजवळच्या खिडकीतून त्या खोलीच्या बंद खिडकीकडे बघून खिदळायची. मी बघायला जाईपर्यंत तिथं कुणी नसायचं. माझ्या अंगावर काटा यायचा.

चौथ्या सकाळी मी खासगी तपास करणाऱ्या क्लॅरिस इनोबाईंना बोलावलं. त्यांनी ताटाशेजारी बोट फिरवलं, चाटलं.

"मीठ."

मी दिराकडे, रोलनकडे, संशयानं पाहिलं.

"कोंबडी सोडून नुसता गोळा? मी?" रोलन उखडला. "वहिनी, अब्रू काढताय माझी!"

"पितरच ते," मावशी म्हणाली. "आज ताटाला हात लागला नाही. तृप्त झाले."

"आज ऑराही हसली नाही," मी म्हटलं. जरा हायसं वाटलं होतं.

क्लॅरिसबाईंनी खिडकीची एक खुंटी ढकलली. कडी लागलेली असतानाच फळी अलगद बाहेर निघाली.

"कुणी बनवली ही?"

"शेजारच्या ॲल्बनकाकांनी. होड्या बांधायचे. आठवड्यापूर्वी मुलीकडे त्रिनिदादला गेले. गावानं निरोपाचं जेवण दिलं, त्यांनी भांडीकुंडी, कोंबड्या, सगळं वाटून टाकलं."

"दात आहेत?"

"एकही नाही."

"ऑराला खेळवायचे?"

"रोज."

"बोटीत चढताना कुणी पाहिलं त्यांना?"

"मी नाही," रोलन म्हणाला. मावशीनंही नकारार्थी मान हलवली.

"मेलेला माणूस मीठ लावून जेवत नाही, मर्लिन. बोळक्या तोंडाचा जिवंत माणूस मात्र कोंबडी ठेवून गोळा खातो. ही खुंटी तिच्या कारागिरालाच ठाऊक. आणि पोर ओळखीच्या चेहऱ्यालाच हसतं."

"मग आज का नाही आले?"

बाई एव्हाना दाराबाहेर धावल्या होत्या. "आज त्यांना उठताच आलं नसेल!"

रोलननं शेजारचं दार खांद्यानं फोडलं. रिकाम्या घरात काका नुसत्या जमिनीवर पडले होते. श्वास होता, जेमतेम.

"बोटीत पाय टाकवेना," ते पुटपुटले. "पण एवढा निरोप घेतल्यावर... कुठल्या तोंडानं परत येऊ?"

मी चमच्यानं पेज भरवली. तीन चमच्यांनंतर त्यांनी डोळे उघडले.

तुमच्या शेजारचं कुणी म्हातारं 'मुलांकडे गेलंय' असं सगळे सांगत असतील, तर जाताना कुणी पाहिलं ते विचारा. नुसतं विचारून थांबू नका. आजच जा, दार वाजवा.