गुलछडी तोरणापाशी थांबते

धुक्यातून हॉर्न वाजला आणि आमची गुलछडी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

समोर टेम्पो. टेम्पोत मंडपाचे बांबू, गुंडाळलेल्या कनाती, आणि खिडकीतून बाहेर आलेलं एक डोकं. मफलर इतका घट्ट बांधलेला की फक्त नाक आणि डोळे दिसत होते. डोळे बरे होते. आता सांगायला काय जातं!

“ओ मॅडम, घोडी बाजूले घ्या ना जराशी!”

“घोडी म्हातारी हाय. तुमीच घ्या टेम्पो बाजूले.”

त्याने मुकाट्याने टेम्पो बाजूला घेतला, मग खाली उतरला आणि पाहतच राहिला. “काय देखणी हाय बाप्पा... लग्नासाठी भेटन काय?”

“कोण? मी का घोडी?”

त्याचं उघडं नाक लालबुंद झालं. थंडीनेही झालं असेल म्हणा, कारण घाटाखालच्या माणसांना आमची बुलढाण्याकडची हवा सोसत नाही. हा घाटाखालचाच निघाला, जळगाव जामोदचा. नाव संघर्ष. मंडप डेकोरेशनचा धंदा. आमच्या गावात, चिखली रस्त्याला, नवं टिनाचं गोडाऊन बांधलं ते यानेच.

“गुलछडी रिटायर झाली,” मी सांगितलं. “आता ते पाठीवर कोणाले घेत नाई.”

“अन् तुमी?”

“मी धम्मशीला. मी कधीच घेत नाई,” असं म्हणून मी घोडी पुढे काढली. वळून पाहिलं नाही. म्हणजे... एकदाच पाहिलं.

गुलछडी बाबांची. आमच्या वस्तीतल्या नवरदेवांना कोणी घोडी देईना, म्हणून बाबांनी स्वतःचीच घेतली, आणि पुढे सगळ्या गावाचे नवरदेव तिनेच मिरवले. पांढरीशुभ्र, म्हणून नाव गुलछडी. “लगाम ओढा लागत नव्हता,” बाबा अजूनही कोणालाही धरून सांगतात. “मांडवाचं तोरण दिसलं का आपोआप थांबे. नवरदेव उतरला का माघारी फिरे.”

पण या हिवाळ्यात तिच्या बरगड्या दिसायला लागल्या. दात झिजलेले, चारा नीट चावता येत नव्हता. पहाटे मी अंगणात जायची तेव्हा ती कडुनिंबाखाली थरथरत उभी असायची आणि अंगावरची झूल दवाने भिजलेली असायची.

“रात्री तिले आत घ्या लागते, बाबा.”

“जिंदगीभर बाहेर राह्यली ते. कोंडली तं गुडघे आखडतीन. मंग उठणारच नाई.”

“अन् बाहेर ठेवली तं?”

बाबांनी तिची ओली झूल उचलून वाळत टाकली. त्यांचंही खोटं नव्हतं. बुलढाण्याच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं, की वाऱ्यापासून आडोसा द्या, पण कोंडू नका, पाय हलवायला जागा राहू द्या. आमचा गोठा ठेंगणा, तिथे तिला मानही वर करता येईना. पण मी एकदा ठरवलं की ठरवलं. गुलछडी हा हिवाळा काढणार म्हणजे काढणार. उंच छत, मोकळी जागा... अख्ख्या गावात अशी जागा एकच होती.

“तुमचं गोडाऊन पाह्यजे,” मी संघर्षच्या समोर जाऊन उभी राहिले. “रात्रीपुरतं. घोडीसाठी.”

“चहा तं घ्या पह्यले.”

“पह्यले हो म्हणा.”

“हो म्हणलं का तुमी रोज येसान?”

“घोडी इथं राह्यली तं यावंच लागीन.”

“मंग हो,” तो म्हणाला. इतक्या पटकन की मलाच हसू आलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही कामाला लागलो. समोरची बाजू मोकळीच ठेवली. वारा यायचा त्या अंगाला त्याने कनाती बांधल्या. मी खाली सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, जाड पसरलं. कनातीची दोरी ताणताना त्याची बोटं माझ्या बोटांवर आली — आणि गाठ काही लवकर बसेना. खरं सांगायचं तर गाठ कधीच बसली होती. दोघांपैकी कोणीच हात काढला नाही, एवढंच.

“तुमचे हात लय थंडे हायेत,” तो हळूच म्हणाला.

“घाटावरचे हायेत.”

बाबांनी मात्र अट घातली. “तिच्या मनानं आत गेली तं ठेव. ओढून न्यायची नाई. नाई गेली तं कडुनिंबाखालीच राहीन, अन् मंग हा विषय बंद.”

संध्याकाळी ऊन उतरलं आणि आम्ही गुलछडीला घेऊन निघालो. मी पुढे, बाबा तिच्या मानेशी. ती आत गेली नाही तर रोज पहाटे तिला तसंच थरथरताना पाहावं लागणार होतं, आणि एखाद्या पहाटे...

गोडाऊन दिसलं आणि मी थक्क झाले. संघर्षने सगळी कला पणाला लावली होती! दारावर झेंडूचं भरगच्च तोरण, दोन्हीकडे झालर, वर दिव्यांच्या माळा. खाली हा पठ्ठ्या, नवा शर्ट घालून.

गुलछडी दारापाशी आली आणि थांबली.

“चाल, माय,” मी म्हणाले. ती हलली नाही. गुळाचा खडा दाखवला. तिने मान लांब करून गूळ खाल्ला, पण पाऊल तिथेच.

“पाह्य,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज पडला होता. “तिले आत जायचं नाई. चाल घरी.”

संघर्षचा चेहरा पार उतरला. मला रडू येत होतं, पण मी लगाम सोडला नाही. मी तिच्याकडे नीट पाहिलं. ती घाबरलेली नव्हती. कान पुढे, मान ताठ, चारही पाय जुळवून, अगदी ऐटीत उभी होती. असं तिला मी लहानपणापासून पाहिलं होतं... कितीतरी मांडवांच्या दारात!

“संघर्ष, तोरण काढ!”

“काऊन? दिवसभर बसून ओवलं मी—”

“अबे काढ ना! गुलछडी नवरदेव उतरायची वाट पाहून राह्यली!”

बाबांनी कपाळावर हात मारला. संघर्ष स्टुलावर चढला, तोरण काढलं, झालर ओढली, दिवे बंद केले. उरलं साधं टिनाचं मोकळं दार. गुलछडीने एकदा फुरफुर केलं आणि सरळ आत चालत गेली. कनातीच्या आडोशाला उभी राहून तिने भिजवलेल्या चण्यांत तोंड घातलं. मी तिच्या मानेला मिठी मारून रडले. कोणाचीही लाज वाटली नाही.

“सकाळी पाय पाहीन,” एवढंच बाबा म्हणाले, आणि आपली घोंगडी तिच्या पाठीवर टाकून गेले.

सकाळी मी धावतच गेले. कुटारावर सगळीकडे तिच्या खुरांचे ठसे होते. रात्रभर ती आपल्या मनाने फिरली होती. अंग कोरडं, कान ऊबदार. बाबा खाली बसून तिचे गुडघे चोळत होते आणि स्वतःशीच हसत होते.

बाहेर संघर्ष उभा होता. हातात तेच तोरण.

“हे... फेकू काय?”

“मेहनतीनं ओवलं ना? फेकतं काऊन?”

“मंग कुठी बांधू?”

मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. आज मफलर नव्हता. सगळा चेहराच बरा होता.

“माह्या दारी बांध. पण थंडी सरेपर्यंत हे सुकून जाईन. तवा नवं ओव.”

त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग कानापर्यंत लाल झाला. “शीला... तू मले... म्हंजे मी तं त्या धुक्यातल्या दिवसापासूनच—”

“मले माईत हाय. मलेही तू आवडतं.”

“मंग येऊ कशावर? घोडी तं तुमची रिटायर हाय!”

“पायी ये,” मी म्हणाले. “घोडी म्हातारी हाय.”

थंडी सरली आणि तो आला. वरातीत सगळ्यांच्या पुढे गुलछडी होती, पाठ रिकामी, अंगावर नवी झूल, बरगड्या पुन्हा झाकलेल्या. आमच्या दारातल्या तोरणापाशी ती आपणहून थांबली. तिच्या शेजारी चालत आलेला, धुळीने पाय माखलेला नवरदेवही थांबला.

बाबांनी तिच्या मानेवर हात ठेवला आणि घरात हाक मारली, “शीले, तुहा नवरदेव आला व. पायीच आला!”