आजारखोलीची वही

पान नाहीसं झालं होतं, आणि वही मात्र धडधाकट होती.

मुख्याध्यापिकांनी ती टेबलावर ठेवली. शाळेत सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. समोर वकीलबाई बसल्या होत्या. कोर्ट सोडून त्यांना बारा वर्षं झाली होती, आता त्या खासगी तपास करत. पण नाव चिकटलं ते चिकटलं. शेजारी घंटाकाका. याच शाळेत घंटा देता देता ते म्हातारे झाले, आणि निवृत्तीनंतर वकीलबाईंची पिशवी सांभाळू लागले.

"शाळेचा इतिहास उद्या छापायला जातोय," मोठ्या बाई म्हणाल्या. "अडतीस वर्षांपूर्वी वसतिगृहातल्या एका मुलाला परीक्षेचा पेपर चोरल्याबद्दल काढून टाकलं होतं. त्याची बहीण तेव्हापासून सांगतेय, त्या शनिवारी तो तापानं आजारखोलीत पडून होता. आता डॉक्टरांनी त्याची आशा सोडलीय. त्यानं डोळे मिटायच्या आत शाळेनं चूक कबूल करावी, एवढंच तिचं मागणं. गेल्या आठवड्यात नर्सबाईंना ही जुनी वही माळ्यावर सापडली. त्या शनिवारच्या पानावर त्याचं नाव मी स्वतः पाहिलं. आज पानच नाही, आणि विश्वस्त पुरावा मागतात."

"त्याला काढलं कशावरून?"

"एका साक्षीवरून. ही फाइल."

काका उठून खिडकीशी गेले. मैदान बघत उभे राहिले. मैदानात चिटपाखरू नव्हतं.

वकीलबाईंनी फाइलमधला एक कागद दोनदा वाचला आणि फाइल मिटली. "काका, तुम्ही तेव्हा इथेच होतात ना?"

"होतो. त्याची ट्रंक फाटकापर्यंत मीच नेली."

"काही बोलला तो?"

"'काका, तुम्हाला तर माहीत आहे ना?' एवढंच." काका खिडकीपासून वळले. "त्या शनिवारी मी तासातासाला घंटा दिली. दर वेळी तो आजारखोलीच्या खिडकीत दिसला. वाटलं, मोठ्या माणसांना ठाऊक असेलच, आपण कशाला मध्ये तोंड घालायचं? मी तेव्हा अंगठेबहाद्दर. गणवेश मिळाला तरी अंगठा, रजा घेतली तरी अंगठा."

मोठ्या बाईंखेरीज वहीला तिघांचे हात लागले होते: नर्सबाई, ग्रंथपालबाई आणि इतिहासाचे सर. वकीलबाई एकेकाकडे गेल्या.

नर्सबाई बारा वर्षांपूर्वी नोकरीला आलेल्या. त्या उसळल्याच. "मीच शोधायची आणि मीच फाडायची? एवढी रिकामी असते तर पोरांच्या डोक्यातल्या उवा नसत्या का काढल्या?"

ग्रंथपालबाईंचा खण उघडाच होता. आत कात्री, डिंक, चिकटपट्टी. "फाटकी पुस्तकं मीच सांधते," त्या म्हणाल्या. "या शाळेतच शिकले मी. घरून डबा घेऊन यायचे." कपाटातल्या प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर सरळ कापलेली चकचकीत पट्टी होती.

"हिचंच काम," बाहेर येताच काका कुजबुजले.

"काका, तुम्ही न्यायाधीश झाला असता तर तुरुंग कमी पडले असते."

इतिहासाचे सर छापायचा मजकूर तपासत होते. "बुधवारी वही चाळली, गुरुवारी परत दिली," ते म्हणाले. "तो माझ्याच वर्गात होता. बिचारा! मी वसतिगृहातच वाढलो, बाई. आईवडील लहानपणीच गेले. शाळेनं जेवू घातलं, शाळेनंच पुढे नोकरी दिली."

बोलताना ते वकीलबाईंच्या हातातल्या वहीकडे बघत नव्हते.

मोठ्या बाईंच्या खोलीत परतल्यावर वकीलबाई पानं मोजू लागल्या. "आठ-आठ पानांच्या जुड्या आहेत, मधोमध शिवलेल्या. एका जुडीत सातच पानं. पण काका, दोन पानं म्हणजे एकच कागद, मधून दुमडलेला. त्यातलं एक कापलं तर जोडीचं सुटून हातात यायला हवं. ते का आलं नाही?"

काकांनी चष्मा सरसावला. शिवणीत पातळ कागदाची पट्टी होती. पिठाच्या खळीनं चिकटवलेली, कडा फाडलेल्या.

"हे शनिवारचं काम," काका सहज म्हणाले. "पूर्वी शनिवारी बाराच्या घंटेला घरून येणारी पोरं पळायची. वसतिगृहातल्यांना मात्र पुस्तकबांधणीचा तास. मास्तर ओरडायचे, 'पट्टी फाडा, कापू नका! कापलेली कड दिसते.'"

वकीलबाईंनी वही मिटली. "बोलवा सगळ्यांना. बहिणीलाही."

बहीण दाराशीच उभी राहिली. बसा म्हटलं तरी बसली नाही.

"पान नेणाऱ्याला बांधणी येत होती," वकीलबाई म्हणाल्या. "नर्सबाई बाहेरून आलेल्या, त्यांनी तो तास पाहिलेलाच नाही. ग्रंथपालबाई पुस्तकं सांधतात, पण कात्रीनं आणि चिकटपट्टीनं. शनिवारी बाराला त्या घरी जायच्या, खळ आणि फाडलेली पट्टी त्यांना कोण शिकवणार? राहिलं वसतिगृहात वाढलेलं एकच माणूस. सर, पान घेऊन सरळ चालते झाला असतात तर मला तिघांतला एक ओळखता आला नसता. पण जोडीचं पान लोंबकळत राहिलेलं तुम्हाला बघवेना."

सरांनी डोळ्यांवर हात धरला.

"पेपर मी चोरला होता," ते म्हणाले. "नापास होणाऱ्याला वसतिगृह सोडावं लागायचं. मला दुसरं घर नव्हतं हो."

"त्याला होतं," बहीण म्हणाली. "त्या घरी बाबा तीन वर्षं त्याच्याशी बोलले नाहीत."

"पान कुठाय?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"जाळलं. पण साक्ष मी दिलेली नाही. वसतिगृहाच्या अधीक्षकांना प्रकरण मिटवायचं होतं. त्यांनीच लिहिली आणि कुणाचा तरी अंगठा घेतला."

वकीलबाईंनी फाइल उघडून काकांपुढे सरकवली. "काका, हे मी वाचून उपयोग नाही."

काका एकेका शब्दावर बोट ठेवत वाचू लागले. "'मी, शाळेचा घंटा देणारा शिपाई... सदर मुलास शनिवारी... ऑफिसच्या दारातून बाहेर पडताना पाहिले.'"

खाली काळा अंगठा होता.

"गणवेशाचा कागद म्हणून सांगितलं होतं मला," काका म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "एक कोरा कागद मिळेल?"

सरांचा कबुलीजबाब दहा मिनिटांत झाला. काकांना आठ ओळींना पाऊण तास लागला. खिडकीत कोण दिसलं होतं, आपण तेव्हा का बोललो नाही, अंगठा कसा दिला, सगळं लिहिलं. मोठ्या बाईंनी दोन्ही कागद इतिहासाच्या मजकुरात घातले. विश्वस्तांचं मी बघते, म्हणाल्या.

काकांच्या कागदाची नक्कल बहिणीनं मागून घेतली. "घरी चला," ती म्हणाली. "त्याला तुम्हीच वाचून दाखवा."

दुपारच्या उन्हात ते तिच्या घरी पोचले. भाऊ खाटेवर होता, पांघरुणाखाली माणूस आहे की नाही इतका वाळलेला. काकांनी वाचलं. दोनदा अडखळले. भाऊ डोळे मिटून ऐकत होता.

"काका, वाचायला कधी शिकलात?"

"निवृत्त झाल्यावर. चौदा वर्षं झाली."

"फाइल शाळेतच होती."

"हो."

"एकदाही मागितली नाहीत?"

काकांनी हातातल्या कागदाची घडी घातली. "भीती वाटायची," ते म्हणाले, "त्यात तेच असेल म्हणून."

भावानं तोंड भिंतीकडे वळवलं. बहिणीनं काकांना, उठा आता, अशी खूण केली.

"बसू दे त्यांना," भाऊ भिंतीकडे बघतच म्हणाला. "पुन्हा वाचा, काका. सावकाश. मला काही घाई नाही."