बळीचं प्रॉम्प्टिंग

मी फॅक्टरीत तपासणीवर आहे. गेज लावायचं, माप बसलं तर पास, नाही बसलं तर माल परत. भुताखेतांना लावायला माझ्याजवळ गेज नाही, म्हणून मी ती कधी मानली नाहीत. तेव्हा जे घडलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

बळीराम माझा मामेभाऊ. भाऊ कमी, दोस्त जास्त. घमापूर मोहल्ल्यात आमच्या खोल्या भिंतीला भिंत लागून. गणपतीत मंडळाचं नाटक व्हायचं तेव्हा तो डावीकडच्या पडद्याआड स्टुलावर बसून प्रॉम्प्टिंग करायचा, दाढेत लवंग धरून. ती लवंग जिभेनं इकडची तिकडे केली की टक् असा आवाज यायचा. मी दरवर्षी तिसऱ्या वाक्याला अडकायचो. मग टक्, आणि पाठोपाठ माझं वाक्य. तो नसता तर लोकांनी मला कधीच स्टेजवरून खाली ओढलं असतं.

यंदा, पासष्ट साली, लढाई लागली. फॅक्टरीत बारा-बारा तासांच्या पाळ्या. त्याच धामधुमीत बळीला टायफॉइड झाला आणि नवव्या दिवशी गडी गेला. असं काय जायचं असतं? मला अजून राग येतो त्याचा.

मंडळानं रविवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली. बळीची बायको, नर्मदावहिनी, मला म्हणाली, "भावजी, तुम्हीच बोला. अन् रडवू नका कोणाला. तोंड पाडून बसलेली माणसं त्यांना आवडत नव्हती."

"वहिनी, मी अडकतो. तुम्हाला माहीत आहे."

"तुमच्याइतकं त्यांना दुसरं कोण ओळखते?"

हो म्हटलं. माझी फजिती झाली तर झाली, पण बळीसाठी जमलेली माणसं मुकाट्यानं उठून घरी जातील, ते मला सोसलं नसतं.

हॉलच्या काचांवर ब्लॅकआउटचे काळे कागद, त्यामुळे भर दुपारी दिवे लावलेले. दीडशे तरी माणसं असतील. पाठ केलेली दोन वाक्यं मी म्हटली. तिसरं आलंच नाही. कोणीतरी खोकलं. वहिनी पहिल्या रांगेतून माझ्याकडे बघत होती.

टक्.

"म्हण ना बे चंद्या," डावीकडच्या पडद्याआडून कुजबुज आली. "बळीराम साडीत फार छान दिसायचा."

मी म्हटलं! इतक्या वर्षांची सवय, तोंड आपोआप उघडलं. पुढचं वाक्य आलं, तेही म्हटलं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला बळी वहिनीला घेऊन बड्या फुहाऱ्याच्या बाजारात साडी घ्यायला गेला. रंग काही ठरेना. तर पठ्ठ्यानं हिरवी साडी स्वतःच गुंडाळली, डोक्यावर पदर घेतला आणि मिशीला पीळ देत विचारलं, "कशी दिसून राहिली?" दुकानदार म्हणाला, "भैया, आप ही रख लो, भाभीजी पर इतनी नहीं जँचेगी."

हॉलमध्ये असा हशा उसळला की म्हातारे डोळे पुसायला लागले. बळी सांगत गेला, मी बोलत गेलो, एकदाही अडकलो नाही. तो गेल्यापासून इतका आनंद मला झाला नव्हता.

खाली उतरण्याआधी पडद्यामागे पाहिलं. स्टूलसुद्धा नव्हतं. मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. लवंगेचा वास मात्र होता.

वहिनी आली. हसून हसून तिचा चेहरा लाल झाला होता.

"भावजी, साडीचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"बळीनं."

"कधी?"

मी पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"ते जिवंत असेतोवर हे कोणाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती त्यांनी मला," ती म्हणाली. "मी पाळली."

हे रविवारचं. काल दुपारच्या सुट्टीत मी आणि मुरलीधर गेटसमोरच्या टपरीवर चहा पीत होतो. मुरलीधर मंडळाचा सेक्रेटरी, सभा-बिभा तोच बोलावतो. माझी तब्येत ठणठणीत. दोन समोसे खाऊन झाले होते.

मुरलीधरनं एकदम डावीकडे पाहिलं. तिकडे कोणी नव्हतं.

"चंदूभाऊ, काही म्हटलं का तुम्ही?"

"नाही जी. काहून?"

"'मंडळी, आपले चंद्रशेखर,' असं कोणीतरी म्हणून राहिलं."

माझा ग्लास हातातच राहिला.

"पुढे काय म्हणते?"

त्यानं कान दिला. आधी गालात हसला, मग खो खो, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. न ऐकताच मीही हसलो. चला, माझ्या वेळेलाही लोक हसतील.

मग तो हसायचा थांबला.

आपला ग्लास बाकावर ठेवला. उठून उभा राहिला. हात समोर बांधले, मान खाली घातली, आणि दोन मिनिटं काही बोलला नाही.