दाबलेली की

सरोजा गेल्याचं मला अंबत्तूरला कळलं. एका कारखान्यात बंद पडलेला सर्व्हर उघडून बसलो होतो. मुलीचा, हरिणीचा फोन आला.

"अप्पा... अम्मा उठत नाही."

पुढे सांगतो ते माझ्या डोळ्यांसमोर घडलं आहे. मला रंगवून सांगता येत नाही. चेन्नईत वेस्ट मांबलमचा आमचा फ्लॅट, ती गेल्यानंतरच्या खंडेनवमीची दुपार. रात्र नव्हती. लख्ख ऊन होतं.

सरोजा आमची जुनी तंजावरची मराठी बोलायची. हरिणीला दिवस गेल्यावर तिने बाळासाठी पाळणे गाऊन रेकॉर्ड केले. फोन भरला की घरच्या जुन्या सर्व्हरवर टाकायची. दुसरीकडे कुठेच ते नाहीत.

ती गेली त्याच दिवशी तो सर्व्हरही बंद पडला.

वर्ष झालं नव्हतं, म्हणून घरात पूजा नव्हती. तरी सासूबाई सकाळीच म्हणाल्या, "हंबीरराव, पूजा नसली म्हणून काय झालं? आज हत्यारं निजलेली असतात. उठवू नका."

हरिणी चिडली. "गावभरचे सर्व्हर जिवंत करता अप्पा. घरचाच तेवढा राहतो!"

ते मला लागलं. मी स्क्रूड्रायव्हर उचलला.

मशीन सुरू होताना सर्वांत आधी जो छोटा प्रोग्राम चालतो, तो फर्मवेअर. तोच बिघडला होता. पंखे फिरायचे, स्क्रीन काळी. मी पेनड्राइव्हवर चांगली प्रत आणली होती. ती लावली, बोर्डावरच्या दोन पिना जोडल्या आणि थांबलो.

पंखे जोरात फिरले... थांबले... पुन्हा फिरले.

स्क्रीनवर अक्षरं आली. हरिणी हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

मग मशीन अडलं.

कीबोर्डची एक की दाबून धरलेली आहे, असा संदेश होता.

कीबोर्डवर कुणाचाही हात नव्हता.

मी कीबोर्डची वायर काढली. मशीन पुन्हा सुरू केलं.

तोच संदेश...

कामावरच्या व्यंकटेशला फोन लावला.

"कीबोर्ड बदला की सर."

"कीबोर्डच लावलेला नाही रे."

तो हसला. "मग बोट कुणाचं आहे?"

मी फोन ठेवला.

तेवढ्यात पंखे थांबले. एकदम. मशीनचा दिवा मात्र चालू होता. खालच्या रस्त्याचा आवाजही येईनासा झाला.

स्क्रीन आपोआप बदलली. डिस्क मांडायचं पान उघडलं. मी ते उघडलं नव्हतं. खाली एक प्रश्न होता... डिस्कवरचं सगळं पुसायचं का?

उत्तर 'नाही'वर होतं.

ते सरकलं.

'होय'वर आलं.

"अप्पा, तुम्ही केलंत?"

माझे दोन्ही हात रिकामे होते.

मी प्लग ओढून काढला. प्रश्न तसाच होता. वायर माझ्या हातात, आणि मशीनचा दिवा चालूच...

मी डिस्कना हात घातला. त्या सुटेनात. आतून कुणीतरी धरून ठेवल्यासारख्या. पाय लावून ओढल्या. बोटं फाटली, पण डिस्क बाहेर आल्या.

तेव्हा दिवा विझला.

हरिणी भिंतीला टेकून पोट धरून उभी होती. सासूबाई दारात.

"तिला नको असतील ते पाळणे," त्या म्हणाल्या.

मला राग आला. "सरोजाला? स्वतःच्या नातवंडासाठी म्हटलेले?"

"मी सरोजा म्हटलं नाही."

त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं. मी खूप विचारलं.

वायर काढलेला कीबोर्ड जमिनीवर पडला होता. त्याची एक की खाली दबलेली होती. मी नखाने उचलून पाहिली, स्क्रूड्रायव्हरने उचलून पाहिली. ती आजही वर आलेली नाही.

हरिणीला मुलगी झाली. नाव जननी. रडायला लागली की हरिणी फोनवर काहीबाही गाणी लावते आणि माझ्याकडे बघत नाही.

दुसऱ्या मशीनवर डिस्क लावून बघा, असं व्यंकटेश म्हणतो. सोपं काम आहे. मी रोज दुसऱ्यांसाठी तेच करतो.

डिस्क लोखंडी कपाटात आहेत. मी त्या अजून लावलेल्या नाहीत.