अर्धा ऐकलेला निरोप

पंक्चर व्हायला भुपेंद्रच्या मोटरसायकलला अख्ख्या सिहोऱ्यात दुसरी जागा मिळाली नाही. झाली ती थेट मच्छीमार संस्थेच्या दारात. गावोगाव कॉम्प्युटर दुरुस्त करत फिरणारा हा वरठीचा मुलगा पाणी मागायला आत गेला… आणि कानाला फोन लावून रडकुंडीला आलेली रंजू पाहून तहान विसरला.

रंजू संस्थेची नवी सचिव. ती तलावावर असली की व्यापारी फोनच्या व्हॉइस मेलबॉक्समध्ये मागणीचे निरोप ठेवायचे. ते ऐकायला आकडे दाबावे लागत, आणि एक आकडा चुकला की निरोप कायमचा पुसला जाई. त्यापायी दोनदा मासळी तशीच पडून राहिली होती. येत्या सभेत सचिव बदलायचा, असं जुन्या सभासदांनी ठरवूनच टाकलं होतं.

भुपेंद्रनं न विचारता खुर्ची ओढली. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मेलचा प्रोग्राम उघडला, सर्व्हरचं नाव, मेलबॉक्सचा नंबर, पासवर्ड भरला, आणि चाचणीसाठी स्वतःच्या फोनवरून निरोप ठेवला, "मी भुपेंद्र… आवाज येऊन राहिला का?" मिनिटभरात तो आवाज पत्रासारखा पडद्यावर आला. आता कितीदाही ऐका, पुसायची भीती नाही. रंजूनं तो खरंच दहादा ऐकला, पण भुपेंद्र गेल्यावर.

जाताना त्यानं आईसाठी म्हणून किलोभर मासळी घेतली. मग पडद्यावरची अक्षरं मोठी करायला आला, मग उगाचच आला. दर वेळी रंजूनं तराजूत तोलून दिलेली किलोभर मासळी ठरलेली.

सभेपर्यंत एकही मागणी चुकली नाही. सगळ्यांत म्हातारे इतवारीकाका स्वतः म्हणाले, पोरीलेच राहू द्या. रंजूचे डोळे भरून आले. पण भुपेंद्रला नुसतं थँक्यू म्हणायलाही तिची जीभ रेटेना. शेवटी त्या संध्याकाळी घरून तिनं ऑफिसचाच नंबर लावला आणि मनातलं सगळं त्या मेलबॉक्सला सांगून टाकलं. सकाळी जाऊन पुसू, असं मनाशी म्हणाली.

सकाळी तिच्या आधी मोटरसायकल दारात होती. भुपेंद्रचा चेहरा उतरलेला.

"चूक झाली, रंजूजी. चाचणीसाठी निरोप माझ्या एका जुन्या मेलच्या पत्त्यावरही यावा असं टाकलं होतं, तो पत्ता काढाले भुललो. काल संध्याकाळी उघडून पाहिला… तुमचा निरोप मलेही आला."

रंजूचे कान तापले. "पुरा ऐकला?"

"अर्धा. माझं नाव आलं, अन् बंद केला. बाकीचा तुमी सांगाल तरच ऐकीन."

आधी तो पत्ता काढा, असं तिनं त्याला बजावलं. त्यानं तिच्यासमोर काढला. दुसरा कुणी असता तर पुरा ऐकून गालात हसत बसला असता, हे तिला कळलं आणि तिचा ऊर भरून आला.

"पुढं एवढंच होतं," ती पडद्याकडेच पाहत म्हणाली, "तुमच्यामुळं मी इथं हाओ. उपकार फिटाचे नाईत… पण काम झालं म्हणून येणं बंद नोका करू. तुमच्या आईले मच्छी तर लागतेच नं?"

भुपेंद्र मान खाली घालून हसला.

"आमच्या घरी मच्छी कोणीच खात नाई, रंजू. शेजारची सुंदरबाई ते खाऊन तुले रोज दुवा देऊन राहिली."

तराजूकडे गेलेला हात रंजूनं मागे घेतला, आणि पहिल्यांदाच त्याच्यासाठी चहा ठेवला.